मंजुरी येईपर्यंत राब जाळू नये

१० मार्च, सोमवार, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठे दिग्दर्शक ठेवतात म्हणे. वही बायकोच्या, मैनाच्या, भिशीची आहे. पुढची लिहिलेली पानं नीट काढून ठेवली. तिला सांगायचं राहिलं.
निर्णय पक्का झाला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फिल्म काढायची. विषय भागी आत्याचा राब. आत्या एक्याऐंशीची, आणि यंदाचा राब शेवटचा, कारण तिच्या मुलाने, कमलेशने, शेत फार्महाऊसवाल्याला दिलंय. एक मे रोजी ताबा. म्हणजे एकदाच संधी. बरं झालं, माझ्यासारखा माणूस कडावात आहे.

११ मार्च
अनुभव: चाळीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती. शिक्षण: सगळं स्वतःचं. फोनवर फिल्म शिकवणारे एकोणीस व्हिडिओ पाहिलेत, त्यातले सात पूर्ण.
पैशांचीही सोय झाली. परवा फार्महाऊसवर एका मुंबईच्या पाहुण्यांचा स्पीकर दुरुस्त करून दिला, ते म्हणाले खालापूरला एक संस्था आहे, ती फिल्मला फिस्कल स्पॉन्सरशिप देते, अर्ज करा काका. फॉर्म आला. चौदा पानं, इंग्रजी. पहिलं पान नुसती प्रस्तावना, ते सोडलं. बाकीच्याचा आशय ध्यानात आला. आपल्या क्रिकेटच्या टूर्नामेंटसारखंच आहे. स्पॉन्सर पैसे देतो, आपण त्याचं नाव लावतो, सत्कार करतो. लोक उगाच अवघड करून सांगतात.

१२ मार्च
शंभर शब्दांत गोष्ट मागितली आहे. कच्चा खर्डा:
'भाताचं रोप जिथे वाढवायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पेंढा आणि वर माती अंथरतात आणि वारा पडला की ते भाजतात. तो राब. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमाने येतं. सगळे भाजतात, पण भागी आत्या पेटवायच्या आधी राबाभोवती एक फेरी मारते आणि आतल्या सरड्या-उंदरांना, विंचवांना हाक मारून बाहेर काढते. तिच्या सासूने तिला ते शिकवलं. दुसऱ्या कुणाला येत नाही.'
अठ्ठावन्न शब्द झाले. उरलेल्यात माझा परिचय टाकतो.

१४ मार्च
शिमगा. काम बंद.

१५ मार्च
कालचा थकवा.

१८ मार्च, दुपार
आत्या डोक्यावरून टहाळाचे भारे आणतेय. मैना म्हणाली, अवो, फोन हाय ना हातात, काढा की. तिला समजावून सांगितलं की मंजुरीआधी एक फूटही शूटिंग करायचं नाही. ही शिस्त असते. ती म्हणाली, म्हातारी भारा घेऊन चालली, तिला शिस्त सांगू का.
आत्याला विनंती केली की मंजुरी आली की भारे पुन्हा एकदा आणशील का. आत्या म्हणाली, बुध्या, पडवीत बस, पानी पी, ऊन लागलंय तुला.

२१ मार्च, शुक्रवार
खालापूरला पहिली फेरी. कडावहून मिनीडोर, कर्जतहून एसटी. पोचलो तेव्हा ऑफिस जेवायला बंद. समोर मिसळ खाल्ली. चार वाजेपर्यंत थांबलो असतो, पण परतीची एसटी समोर लागलेली दिसली, आणि समोर लागलेली एसटी सोडायची माझी रीत नाही.
एकूण जागा पाहून झाली. कामाला सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

२५ मार्च
आसावरी मॅडम भेटल्या. संस्थेचं सगळं त्याच बघतात. तिशीच्या असतील, पण मला उठून खुर्ची दिली. खर्डा दोनदा वाचला. मग विचारलं, ही हाक कुठे रेकॉर्ड केली आहे का. म्हटलं, होणार, मोठा माइक लावून होणार. म्हणाल्या, काका, आधी फोनवर तरी करून ठेवा, तीन मिनिटांचा नमुना अर्जाला लागतोच.
दुसरं विचारलं, तुमचे देणगीदार कोण आहेत. ही माझी परीक्षा होती. माणूस मागणारा आहे की ताठ कण्याचा, ते बघत होत्या. म्हटलं, एकही नाही, आणि मी कुणापुढे हात पसरणारा नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. छाप पडली असावी.

३० मार्च, पाडवा
संकल्प: (१) आठवड्यात अर्ज पुरा करणे. (२) नमुना काढणे. (३) गोड बंद.
संध्याकाळी श्रीखंड दोनदा. सण होता.
बजेट केलं. ड्रोन, क्रेन, पाच माणसांचं युनिट. मैनाने कागद वाचला आणि विचारलं, यात भागी आत्याचं कुटं हाय. खरंच राहिलं होतं. खाली 'चहा' लिहून त्यात तिला घातलं.

३ एप्रिल
आत्याचं संमतीपत्र. अंगठा देण्याआधी तिने माझ्याकडून पुरं वाचून घेतलं. म्हणाली, यात लिवलंय तू माजा आवाज जगभर नेनार. कर्जतला डॉक्टरकडं न्यायचं गेल्या साली बोल्लास, ते आदी ने.
नेणार आहे. अर्जाचं मार्गी लागलं की पहिलं तेच.
राब जाळायची तारीख मागितली, कारण युनिटला कळवावं लागतं. म्हणाली, वाऱ्याला इचार.
आत्याला व्यवसायाची भाषा समजत नाही. माझीच चूक, सोपं करून सांगायला हवं होतं.

८ एप्रिल, रात्री
अर्ज गेला. नमुन्याच्या जागी 'मागाहून' लिहिलं. उत्तरही आलं: मॅडम १७ तारखेला जागा पाहायला येतायत.
झालं आपलं काम. आपल्याकडे पाहुणा देणार असेल तर आधी त्याचा मान करतात. मान झाला की माणसाला नाही म्हणता येत नाही. टूर्नामेंटला गेली वीस वर्षं असंच चाललंय, एक ट्रॉफी अडलेली नाही. शाल, श्रीफळ आणि नाक्यावर बॅनर. मॅडमचा फोटो लागेल. व्हॉट्सॲपवरचाच घेतो.

१७ एप्रिल, रात्री ९
काय दिवस गेला.
बॅनर दहा बाय सहा. वर 'राब', मध्ये 'प्रमुख प्रायोजक सौ. आसावरीताई यांचे कडाव नगरीत हार्दिक स्वागत', खाली शुभेच्छुक म्हणून अठ्ठावीस फोटो. त्यात मी मधोमध, कारण बॅनरवाल्याने तसं बसवलं. मॅडमचा फोटो समुद्रावरचा, गॉगल लावलेला, हातात शहाळं. रिक्षातून उतरताना त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहत होत्या. भारावल्या असाव्यात. म्हणाल्या, काका, मी सौ. नाही, आणि प्रायोजकही अजून नाही.
मग सभा. चाळीस माणसं, पाच भाषणं. माझं छोटंच, चाळीस मिनिटं. मॅडम म्हणाल्या शाल घेता येणार नाही, नियमात बसत नाही. मग नुसती खांद्यावर ठेवली आणि फोटो काढून परत घेतली. त्या उभ्या राहून सांगू लागल्या की फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणजे नेमकं काय, पण तेवढ्यात माइक शिटी मारायला लागला. जन्मभर माइक दुरुस्त केलेला माणूस मी, उठलो, तो नीट केला आणि हातात होताच म्हणून आभार मानून टाकले.
यात उशीर झाला. आत्या दुपारपासून राबाच्या बांधावर वाट बघत बसलेली. नवं लुगडं नेसून. मॅडम धावत गेल्या, पंधरा मिनिटं तिच्याजवळ मातीत बसल्या, धावत परतल्या, एसटी गाठली. जाताना मला म्हणाल्या, काका, बाकी सगळं राहू द्या, ती हाक तेवढी चुकवू नका.
घाई आहे त्यांना विषयाची. चांगलं लक्षण.

२० एप्रिल
मॅडमचा निरोप, बॅनर कृपया काढावा. काढला. वाया जाऊ नये म्हणून कमलेशने गोवऱ्यांवर टाकला. आता त्यांच्या अंगणात गॉगल घातलेल्या मॅडम आकाशाकडे बघत पडल्या आहेत. कोंबड्या शहाळ्याला टोचतात.

२५ एप्रिल, शुक्रवार, सकाळ
फोन आला. सोमवारी २८ ला संस्थेची बैठक, मी सही करायला जायचंय.
आणि आत्याचाही निरोप, वारा पडतोय, आज पेटवते.
धावत गेलो. म्हटलं, आत्या, फक्त सोमवारपर्यंत थांब, मंगळवारी युनिट उभं करतो. कमलेश म्हणाला, दादा, एक तारखेला जेसीबी यायचाय, ती लोकं थांबायची नाय. आत्या काठी टेकून बांधावर बसली. मग म्हणाली, तीन दिस थांबते. चौथा नाय.
तीन दिवस पुष्कळ झाले. मैना घरी येऊन म्हणाली, तुमाला ती नाय बोलत नाय म्हनून किती वढायचं तिला. आत्याने मला अंगाखांद्यावर खेळवलंय. माझ्यासाठी ती थांबणारच, यात ओढण्यासारखं काय आहे.

२८ एप्रिल, सकाळी ७
निघतोय. नवा शर्ट. पेढे घेतले. मैनाने विचारलं, आत्यानं आज पेटवला तर. म्हटलं, शुक्रवारी तीन दिवस बोलली, म्हणजे शनि, रवि, सोम. ती म्हणाली, आत्या शुक्रवार धरून मोजती, आपन सगळीच तशी मोजतो. म्हटलं, उगाच शंका काढू नकोस.

दुपारी २.४०, खालापूर, संस्थेचं ऑफिस
मंजूर.
बैठकीत फोन बंद ठेवला होता, तो शिष्टाचार असतो. मॅडमनी मंजुरीचं पत्र खास माझ्यासाठी मराठीत करून दिलं. सगळ्यांना पेढे वाटले. अट एकच, नमुना आठ दिवसांत द्यावा.

दुपारी ३.३०, एसटी स्टँड
पत्र वाचलं. पहिल्या परिच्छेदात असं आहे की संस्था फिल्मला स्वतःचे पैसे देत नाही. देणगीदार मी आणायचे. संस्था त्यांच्या देणग्या आपल्या नावावर घेणार, पावती देणार, शंभरातले सात स्वतःच्या खर्चाला ठेवणार आणि बाकी मला देणार.
परत वर गेलो. मॅडमना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. म्हणाल्या, काका, फॉर्मच्या पहिल्या पानावर हेच आहे, आणि कडावात मी तेच सांगायला उभी राहिले होते. आवाजात राग नव्हता. उरलेला एक पेढा त्यांनी माझ्याच हातावर ठेवला.
आता फोन चालू केला. मैनाचे अकरा मिस्ड कॉल.

संध्याकाळी ६.१५
मिनीडोरमधूनच धूर दिसला. पोचलो तेव्हा राब काळा झालेला, कडेने थोडा धुमसत होता. आत्या बांधावर बसून पान कुटत होती. मला बघून म्हणाली, आलास, जेवलास का.


२९ एप्रिल
काल पुढचं लिहिता आलं नाही.
मैनाने फोनवर शूटिंग केलंय. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पाहिलं. पूर्ण वेळ तिचा अंगठा आहे. भिंगावर. सगळीकडे नुसतं लालसर, मध्ये एकदा कडेला थोडं आकाश. रागावणार होतो. ती म्हणाली, मी फोन लावत व्हते, काडत पन व्हते, दोन हातांनी किती करायचं.
दुपारी जुना स्पीकर जोडला आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं.
आधी आत्याचा आवाज, बुध्या आला का. मैना म्हणते, नाय आत्या. नुसती काठी आणि कावळे. पुन्हा, आला का गं. नाय. मग आत्या खाकरते आणि फेरी सुरू करते. उठा रं बाबांनो, सरडं, इचू, उंदरं, पोराबाळांना घ्या नि वाट धरा. आमाला प्वाट हाय, तुमाला जीव हाय. असं तीनदा, तीन बाजूंनी. चौथ्या बाजूला थांबते आणि म्हणते, पुढल्या वर्साला हाक मारायला मी नाय रं, तवा आता जाल तितं नीट ऱ्हावा.
मग आग धरल्याचा आवाज.
चाळीस वर्षं लोकांचे आवाज दुरुस्त केले. यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

१ मे, गुरुवार
सकाळी जेसीबी आला. दहापर्यंत शेत सपाट. मी आत्याला घेऊन कर्जतला डॉक्टरकडे गेलो, तेवढं तरी तिला बघायला लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत, तुमचंच बीपी वाढलंय.
नमुना म्हणून मैनाचा व्हिडिओ पाठवून दिला. सोबत लिहिलं की हा प्रायोगिक प्रकार आहे, चित्र मुद्दामच ठेवलेलं नाही.

५ मे, सोमवार
मॅडमचं उत्तर. ऑफिसात सगळ्यांनी दिवे बंद करून तीनदा ऐकलं. शिपाई रडला. म्हणतात, फिल्म अशीच ठेवा, हात लावू नका, आम्ही पुढे पाठवतो. फक्त नावं कळवा.
लिहायला बसलो. आवाज: भागी आत्या. छायाचित्रण: मैना. इथपर्यंत सोपं गेलं. पुढचा रकाना दिग्दर्शक. माझ्या डोक्यात दोन-तीन चांगली वाक्यं होती, पण वही मैनासमोर होती. भिशीची पानं कुठे गेली, ते ती शोधत होती. तिलाच विचारलं, दिग्दर्शकापुढे काय लिहू.
मैना म्हणाली, लिवा, खालापूरला गेले व्हते.
तसंच लिहिलं.