बॉनेट उघडं ठेवून घेतलेली टेस्ट

दि. ३ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी आई म्हणते, पत्रातसुद्धा मी नट-बोल्टच लिहितो. आजही तेच आहे.

तुझ्या कंपनीचा, इंजिनाला थंड हवा देऊन ताकद वाढवणारा किट आपल्या मिशीवाल्या टॅक्सीवाल्याने माझ्याकडून बसवून घेतला. आत मोठा उघडा फिल्टर, बॉनेटवर हवा घ्यायचं नाकाड. गाडी अशी गुरगुरते की गल्लीतली मांजरं पळतात. मिशीवाला खूश, माझे कान मात्र नाहीत. आवाज वाढलाय, ओढ तीच. म्हणून गॅरेजमागच्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये घड्याळ लावलं. जुना फिल्टर लावून एक्केचाळीस सेकंद, किट लावूनही एक्केचाळीस. ट्रॅफिकमधून तापवून आणली तर त्रेचाळीस! तुमच्या रिपोर्टात नऊ हॉर्सपॉवर वाढल्याचं लिहिलंय आणि खाली माझ्या लेकीची सही. हे नऊ घोडे कुठे चरायला गेले, तेवढं कळव. तुझी सही बघून बावीस गिऱ्हाइकांनी किट बसवलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझा,
बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
तुमच्या कानांची मला लहानपणापासून धास्ती. घोडे आमच्या टेस्टिंग रूममध्येच आहेत. तिथे गाडी रोलरवर चढवतो, बॉनेट उघडं ठेवतो आणि फिल्टरसमोर माणसाएवढा पंखा लावतो. रस्त्यावर बॉनेट बंद. मग उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढत बसतो. गाडीची मूळ नळी आधीपासून बाहेरचीच हवा घेत होती. आणि नाकाडात हवा दाबून भरायला शर्यतीचा वेग लागतो, टॅक्सीचा नाही.

सुटीच्या दिवशी मी बॉनेट बंद करून टेस्ट घेतली. वाढ शून्य. कागद साहेबांपुढे ठेवला. ते हसून म्हणाले, लोक आवाज विकत घेतात, तू फक्त आकडा दे. महिनाअखेरीस कंपनीच्या नव्या, चौथ्या किटच्या अशाच रिपोर्टवर सही करायचीय. नाही केली तर शेजारच्या टेबलावरचा करेल आणि मी घरी. बाबा, तुम्ही सांगाल तसं करीन. रागवा, पण लिहा.

आईला नमस्कार.
तुमची,
ठमी

दि. १८ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. सही करू नकोस, असं लिहिलेला कागद दोनदा फाडला. या नोकरीसाठी तू किती दारं ठोठावलीस ते मी पाहिलंय. आणि बावीस किट बसवणारे हात माझेच.

आधी आपल्याकडचं निस्तरावं म्हणून मिशीवाल्याला बोलावलं. खरं ते सांगितलं, जुना फिल्टर फुकट परत बसवून देतो म्हणालो. तो ताडकन उठला. म्हणाला, उस्ताद, तुमचे कान गेले आता. पोरीने मशीनवर मोजलंय, तुम्ही काय घड्याळ दाखवता? गाडी वाऱ्यासारखी पळते, हात लावायचा नाही. बाकीच्या एकवीस जणांना फोन केले. काही हसले, एकाने तर तुझं कौतुक करायला सांगितलंय. गाडी कुणीच आणली नाही. उलट आज सकाळी मिशीवाल्याने आणखी दोघं पाठवले. मी नाही म्हणालो, तर ते समोरच्या गॅरेजात गेले. तासाभराने दोन्ही गाड्या गुरगुरत माझ्या दारावरून गेल्या.

ठमे, तुझ्या सहीपुढे माझं कुणी ऐकेना, आणि ती थांबव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू विचारावंस आणि मला सांगता येऊ नये, असं कधी झालं नव्हतं. आई म्हणते, चार दिवस घरी ये. माझंही तेवढंच म्हणणं समज.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
बाबा