शू करायची शिकवणी

३ नोव्हेंबर, सोमवार.
आजपासून रोज लिहिणार. कन्या आठ वर्षांची, आणि दिवसातून दोनदा चड्डी ओली. महिनाअखेरीला शाळेचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि तिथे जायचंच म्हणून हटून बसलीये. पण तिथे कुणाला कळलं तर मी मरेन, असं आईला म्हणाली. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलंय. गुडघ्यासाठी नाही, पाठीसाठी नाही. शू करायला! आमच्या अख्ख्या खानदानात हे कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार, सायं. ५.
फिजिओबाईंना भेटलो. वय फार तर अठ्ठावीस. भिंतीवर मूत्राशयाचं चित्र, त्याला डोळे आणि हसरं तोंड. तिथेच माझा विश्वास उडाला. म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. ही ती सतत आवळून धरते, म्हणून शू पूर्ण होत नाही आणि उरलेली गळते. उपाय काय, तर पायाखाली स्टूल, साबणाचे फुगे फुंकणं, दर दोन तासांनी निवांत जाऊन बसणं. आणि घरी तक्ता भरायचा. मी म्हटलं, आवळता येतंय म्हणजे स्नायू मजबूतच की. त्या म्हणाल्या, सोडता येत नाही हीच तर अडचण आहे. शब्दांचे खेळ! मी साडेनऊला खुर्चीत बसतो तो दीडलाच उठतो. सतरा वर्षं आवक-जावक विभाग सांभाळतोय. आणि या मला शिकवणार.

६ नोव्हेंबर.
फुगे बंद. बायको दुपारपाळीला, म्हणजे संध्याकाळ आणि तक्ता दोन्ही माझ्या ताब्यात. दोन तास कसले, चार! मग टप्प्याटप्प्याने पाच. मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो. कन्या थोडी रडते. होईल सवय.

९ नोव्हेंबर, रविवार.
चार तास दहा मिनिटं! पाठ थोपटली. उठता उठता सोफ्याची गादी भिजली. गादी उलटी करून ठेवली. तरी प्रगतीच म्हणायची, आधी अडीच तासांतच व्हायचं. तक्त्यात ‘कोरडी’ असं लिहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
बाईंनी तक्ता पाहिला. इतकं छान चाललंय तर सोनोग्राफीत एवढी शू उरलेली कशी, असं विचारलं. मशीनचा दोष, मी म्हटलं. मग म्हणाल्या, बाबांनीही पोट सैल सोडून श्वास घेऊन दाखवा, तिला धीर येईल. पोटावर टेडी ठेवून आडवा झालो. टेडी हलेचना. कन्या खुदकन हसली. बाईसुद्धा. शिस्तीतल्या माणसाचं पोट असंच असतं, हे त्यांना कुठून कळणार?

१३ ते १७.
लिहायला वेळ नाही. पाच तासांचं लक्ष्य.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
शाळेतून फोन. कवायतीच्या रांगेत झालं, सगळ्या वर्गासमोर. घरी आल्यावर माझ्याकडे बघेना. रात्री आई कामावरून आल्यावर तिच्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली, शिबिरातून माझं नाव काढ. आईने विचारलं, बाईंनी सांगितलंय तशी दोन तासांनी जात का नाहीस? तर म्हणाली, गेले की बाबांचा आकडा कमी होतो. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलंय. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण चूक पद्धतीत नाही, अंमलबजावणीत आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
बायकोने बाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं, स्टॉपवॉचसकट. बाई मला ओरडल्या नाहीत. ते जास्त झोंबलं. आज नवीन थेर. पोटाला आणि कमरेखाली स्टिकर, वायरी, आणि स्क्रीनवर होडी. स्नायू सैल सुटले की होडी पुढे सरकते म्हणे. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. सैल सोड, लक्ष दे, नीट सोड, तसं नाही. पाऊण तासात होडी तसूभर हलली नाही. भंगार आहे हे, असं बाईंना तोंडावर सांगितलं. पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसा, त्या म्हणाल्या. शिबिराचं नक्की काय ते सव्वीसपर्यंत शाळेला कळवायचंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सायं. ५.४०.
बाहेरच्या बाकावर बसलो. दाराला काचेची पट्टी आहे, तिच्यातून दिसतं. होडी निघाली होती. कन्या खुर्चीत पाय हलवत बाईंशी बडबडत होती. काठाला लागली की मी शिबिराला जाणार, हेही स्पष्ट ऐकू आलं. मशीन दुरुस्त करून घेतलं असणार. खात्री करावी म्हणून दार जरासं ढकललं.
तिने वळून पाहिलं. खांदे वर चढले. होडी थांबली.
दार लावलं. थोड्या वेळाने चालू लागली. योगायोग असेल, म्हणून पुन्हा उघडलं. पुन्हा थांबली.
मशीन चांगलं आहे. मला माझीच लाज वाटली. दार लावून घेतलं, जिन्यात गेलो आणि बायकोला फोन लावला. म्हटलं, शिबिराला सोडायला तूच जा.