केस नंबर नसलेलं पत्र

हॅडन काउंटी, टेक्सास
रविवार, ५ जून २०१६

प्रिय रॉइस,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तू धडधाकट आहेस, कामावर आहेस आणि तुमच्या छावणीतला स्वयंपाकी अजूनही बीन्स जाळतोच आहे, हे वाचून बरं वाटलं. नॉर्थ डकोटात जूनमध्ये सकाळी जाकीट घालावं लागतं म्हणतोस. इकडे नुसतं जाकीट म्हटलं तरी घाम फुटेल. माझी तब्येत ठीक, गुडघा सोडून. कोर्टाच्या तळघराचे जिने तेवीस वर्षं चढउतार करून तो गुडघा मी काउंटीला वाहिला आहे, आता तक्रार कुणाकडे करू?

मागच्या पीचच्या झाडाला यंदा चांगलं फळ धरलंय. आज चर्चहून आल्यावर त्या पीचचं गोड कॉबलर भाजलं, मोठं भांडं भरून. संपलंसुद्धा.

आता तुझ्या कामाचं. मार्चमध्ये तू कोर्टाला जे पत्र पाठवलंस म्हणतोस, त्याची सही-शिक्क्याची नक्कल तुला हवी आहे. तुला माहीत आहे, नात्यातल्या केसला आम्ही हात लावत नाही. या काउंटीत अर्धे लोक उरलेल्या अर्ध्यांचे नातेवाईक, म्हणून तो नियम पाळावाच लागतो. तुझ्या जोसीची फाइल पहिल्यापासून आमच्या ऑफिसातल्या मारिसोलकडे होती. शिवाय दत्तकाची फाइल सीलबंद होते. केंड्राच्या नवऱ्याने, वेडने, जोसीला दत्तक घेतलं त्या दिवसापासून ती लोखंडी कपाटात आहे आणि जज्जच्या हुकमाशिवाय बाहेर येत नाही. तरी मी मारिसोलला बघायला सांगितलं. निकालापर्यंतचे सगळे कागद क्रमाने लावलेले आहेत, त्यात तुझं पत्र नाही.

रॉइस, अशा गोष्टी साध्या टपालाने पाठवतात का रे? रजिस्टर केलं असतंस तर आज हातात पावती असती. समन्स मिळाल्यावर वीस दिवस, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाच्या आत उत्तर, हे त्या कागदावर पहिल्याच पानावर ठळक छापलेलं असतं. पण तू लहानपणापासून छापलेलं काही वाचलं असशील तर शपथ.

पुढे काय करायचं ते तुझ्या वकिलाला विचार. आम्हाला कायद्याचा सल्ला देता येत नाही. काउंटरवर तशी पाटीच आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
सिसी

———

हॅडन काउंटी
रविवार, २८ ऑगस्ट २०१६

प्रिय रॉइस,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही, याबद्दल तू मला शिव्या घातल्यास त्या योग्यच आहेत. शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे गर्दी उसळते. मूल कोणत्या घरून शाळेत जाणार यावरून माणसं कोर्टात येतात, आणि उन्हाळाभर हा प्रश्न त्यांना पडलेला नसतो. परवा एक जोडपं काउंटरवरच भांडत होतं. आमच्या मुख्य क्लार्क मिसेस ट्रेविन्यो बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भांडायचं असेल तर अर्ज भरा, फॉर्म डावीकडे आहेत. आमच्या बाईंना क्लार्कपदाच्या सहा निवडणुकांत कुणी का पाडू शकलं नाही ते अशा वेळी कळतं.

ओसरीवरचा झोपाळा दुरुस्त करून घेतला. साखळ्या थोड्या खाली घेतल्या, पाय टेकावेत म्हणून.

तू विचारतोस, केस नंबर नसलेले कागद कुठे जातात. नंबर नाही तर फाइल नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. असे कागद निळ्या ट्रेमध्ये ठेवतात आणि बाईंच्या समोर नेतात. त्या नंबर शोधून काढतात किंवा पाठवणाऱ्याला फोन करतात. तुझ्या पत्रावर नंबर नव्हता हे तूच कबूल करतोस. मी निळा ट्रे पाहिला, तळापर्यंत. त्यात नाही.

आणि मार्चमध्ये फोनवर मी 'बघते' म्हणाले होते, हेही तू लिहिलं आहेस. म्हणाले असेन. दिवसाला चाळीस माणसांना मी 'बघते' म्हणते.

तुझा वकील सांगतो की निकालानंतर सहा महिन्यांची मुदत असते, म्हणजे चार ऑक्टोबर, आणि पत्र वेळेत पोचल्याचा एक जरी पुरावा मिळाला तरी निकाल उलटवायला जागा आहे. त्यावर मी काही बोलू शकत नाही. त्याला सांग, आमच्या बाईंना लेखी विचार. तो विचारेल तेव्हा त्याला उत्तर मिळेल, की फाइलमध्ये काही नाही.

तू दहा महिने दारूला शिवला नाहीस, हे वाचून मला आनंद झाला. खरंच झाला. दोनदा वाचलं मी ते.

तुझी,
सिसी

———

हॅडन काउंटी
रविवार, १६ ऑक्टोबर २०१६

रॉइस,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. कुठेतरी बस.

सोबत दोन कागद आहेत. एक तुझं पत्र, ज्याची नक्कल तू जूनपासून मागतो आहेस. त्यावर केस नंबर मी माझ्या हाताने घातला आहे आणि दाखल झाल्याचा शिक्का आहे, परवाचा, चौदा ऑक्टोबरचा. दुसरा कागद माझं शपथपत्र. त्यात लिहिलं आहे की हे पत्र दोन मार्चच्या सकाळच्या टपालाने कोर्टात आलं, मी, नेल्डा प्रुइट हिने, ते उघडलं आणि दाखल केलं नाही.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. फाइलमध्ये ते नव्हतं. निळ्या ट्रेमध्येही नव्हतं. ते माझ्या स्वयंपाकघरात होतं, चुलीशेजारच्या खणात, फडक्यांच्या खाली.

दोन मार्चला तुझं पाकीट पाहिलं तेव्हा हसूच आलं. कोर्टाचा पत्ता आणि खाली कोपऱ्यात 'नेल्डाच्या हाती'. जगात दुसरा कुणी असं करणार नाही. समन्सला उत्तर द्यायचं तर माणूस वकील गाठतो, नाहीतर निदान जज्जच्या नावाने पाठवतो. तू बहिणीच्या नावाने पाठवलंस. आत वहीचा एक कागद. "चार महिने मी प्यायलेलो नाही. जूनमध्ये घरी येतो. जोसी माझी मुलगी आहे आणि मी तिला सोडणार नाही." शेवटी माझ्यासाठी ओळ: "सिसी, हे जज्जसाहेबांच्या हातात पडेल एवढं बघ, तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

एवढं पुरेसं होतं, रॉइस. त्या वहीच्या कागदाला कोर्ट उत्तर म्हणूनच धरतं. नंबर मला पाठ होता. ट्रेमध्ये ठेवून बाईंपुढे नेलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं.

फेब्रुवारीत केंड्रा लेकीला घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसली होती. जोसी आत माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत होती. केंड्रा म्हणाली, "नेल्डा, हे दत्तकाचं सरळ पार पडू दे. जोसी दर रविवारी तुझी. पण रॉइस मध्ये आडवा आला, तर तुमच्या घरचं कुणीच तिला दिसणार नाही."

मला मूलबाळ नाही हे तुला माहीत आहे. पण मला ते किती लागतं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही.

आणखी एक, तेही सांगते. तू बदलशील यावर माझा विश्वास नव्हता. ती पहिलीत असताना तू तिला शाळेतून आणायला विसरलास. शिपायाने मला फोन केला, मी गेले तर पोर पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "आत्या, बाबा वाटेतच असतील." तो दिवस मी तुझ्या पत्राच्या वर ठेवला. चार महिने काय, सगळेच सांगतात, असं मनाशी म्हणाले. आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी सांगतंच. आज अकराच्या वर महिने झाले आणि ते चार महिने खरे होते.

चार एप्रिलला सुनावणी. सोमवार, सकाळचे दहा. जज्जने विचारलं असेल, वडिलांकडून काही उत्तर आलंय का. कारण मारिसोलने वरून खाली फोन केला आणि तो मी उचलला.

"नेल्डा, रॉइस प्रुइटचं काही आलंय का?"

"फाइलमध्ये काही नाही," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"फाइलमध्ये काही नाही, मारिसोल."

नऊ मिनिटांत संपलं. त्या नऊ मिनिटांत तू तिचा बाप राहिला नाहीस आणि वेड झाला.

मग मला माझे रविवार मिळाले. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, एकवीस. कॉबलर तीच संपवायची. झोपाळा तिच्यासाठीच खाली घेतला होता. एकदा तिने विचारलं, बाबा पत्र लिहीत नाहीत का? मी म्हणाले, लिहितील. खण माझ्या पाठीमागे होता.

अठरा सप्टेंबरला ते आले नाहीत. मी चर्चहून येऊन टेबल मांडून बसले. दुसऱ्या रविवारीही नाही. फोन लावला तर नंबर बंद. घरमालकाने सांगितलं, वेडला टेनेसीत काम मिळालं, सगळे गेले, पत्ता ठेवला नाही. केंड्राने मला दिलेला शब्द कुठल्याच कागदावर नव्हता, आणि असता तरी मी कोणत्या तोंडाने तो दाखल करणार होते?

आता हे वाच आणि हवं तर पत्र फाड. चार ऑक्टोबरला आठवडा उरला होता तेव्हा मला कळलं होतं की ती परत येणार नाही. खण उघडून पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं असतं तर तुझ्या वकिलाला मुदत पुरली असती. मी कॅलेंडरकडे बघत राहिले. वाटायचं, येत्या रविवारी गाडी वाजेल. नोकरीची भीती होती, तुझी होती. चार तारीख मंगळवारी गेली. मी ती जाऊ दिली, रॉइस, नजरचुकीने नाही. आणि पोर अजून माझ्याकडे येत असती, तर हे पत्र मी लिहिलं असतं का? नसतं.

शुक्रवारी बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला. मी विचारलं, शिक्का मार्चचा मारता येईल का.

"तेवीस वर्षं तू लोकांना काय सांगत आलीस?" त्या म्हणाल्या. "शिक्का आजचा पडतो."

मग त्यांनी माझ्याकडच्या ऑफिसच्या किल्ल्या मागून घेतल्या. तुझ्या वकिलाला मी त्यांच्याच फोनवरून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मुदत उलटल्यावर या प्रकारच्या निकालाला हात लावता येत नाही, कारण काहीही असो. तो अर्ज करून बघेल, पण तुला आशा लावणार नाही, असंही म्हणाला. मीही लावत नाही. पुढे माझ्यावर काय करायचं ते काउंटीचा वकील ठरवेल. मी कानावर हात ठेवणार नाही.

एवढंच झालं की तुझं पत्र आता जोसीच्या फाइलमध्ये आहे, सीलच्या आत. मोठी झाल्यावर तिने कोर्टाची परवानगी मिळवून ती उघडली, तर सगळ्यांत वर तिला ते सापडेल. शिक्क्याची तारीख बघून तिला वाटेल, बाप सहा महिने उशिरा आला. म्हणून त्याच्या खाली माझं शपथपत्र टाचलं आहे, पिन दोन ठिकाणी मारली आहे. ते वाचल्यावर तिला कळेल की बाबा वेळेत आले होते आणि दारात आत्या उभी होती.

ती कधी उघडेल, उघडेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक मुलं उघडत नाहीत. तेवीस वर्षांत मी चार पाहिली.

मला उत्तर लिहू नकोस. आणि लिहिलंस तर रजिस्टरने पाठव.

जिच्या हाती तू ते दिलं होतंस, ती
नेल्डा