रिकाम्या सीटचा पट्टा

सोमवार, सकाळी

तीर्थरूप आईस,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कंपनीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. त्याला पाणी विचार आणि पत्र न फाडता वाच, एवढं ऐक.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. बाबांचे गुडघे कसे आहेत? मी ऑटोमोबाइलला प्रवेश घेतला तेव्हा तू म्हणालीस, "गाडीशिवाय दुसरं काही सुचलं नाही का तुला?" आणि माझ्याशी बोलणंच टाकलंस. कॉलेजात बाकीची पोरं इंजिनावर जीव टाकायची, मला वेड सीटचं आणि पट्ट्यांचं. सर थट्टा करायचे, "ही मुलगी गाडी बनवणार की सोफा?" आज तेच माझं काम आहे. विभागात माझा शब्द चालतो, आई.

आता मुद्द्याचं. आमच्या चाचणीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली सेन्सर आहे. सीटवर कोणी बसलं की त्याला कळतं, आणि पट्टा लावला नाही तर गाडी टिंग टिंग करत राहते. गेल्या महिन्यापासून ती रिकाम्या सीटसाठी वाजते. मी चालवते तेव्हाच. दुसरं कोणी चालवायला बसलं की गप्प.

सेन्सर बदलला, वायरिंग बदललं, शेवटी अख्खी सीट काढून नवी बसवली. वाजायचं ते वाजतंच. लॅपटॉप जोडून बघितलं तर पडद्यावर येतं: सीटवर मूल. एअरबॅगने लहान मुलाला इजा होऊ नये, म्हणून ही ओळख गाडीला आम्हीच शिकवलीय. म्हणजे मीच.

एके दिवशी वैतागून मी त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. आवाज थांबला. पुढे वळणावर ब्रेक दाबला, तर पट्टा पुढे ताणला गेला आणि मधोमध फुगला, एखाद्या लहान छातीएवढा. मग हळूच सैल झाला. मला घाबरायला हवं होतं. मला रडू आलं.

टिल्लूचं नाव आपल्या घरात कोणी काढत नाही, मला धाकटा भाऊ होता हेही नाही. मीही काढत नव्हते, या पत्रातही टाळत होते. त्या दिवशी बाबांनी ब्रेक दाबला आणि तो समोरची काच फोडून बाहेर गेला. त्या जुन्या गाडीला पट्टेच नव्हते. म्हणून मी हे शिकले गं. तुला डिवचायला नाही.

उद्या दुपारी ही गाडी भिंतीवर आदळवणार आहेत. चाचणीच्या गाड्यांचा शेवट असाच होतो, मी कितीतरी पाहिल्यात. साहेबांना म्हटलं, ही नको, दुसरी घ्या. ते हसले. म्हणाले, "का, आत कोणी बसलंय का?"

आज आल्या आल्या दार उघडून त्याला उतर म्हटलं. आधी लाडीगोडी लावली, मग रागावले. गाडी बंद होती, तरी पट्टा तसाच फुगलेला. माझं त्याने कधी ऐकलंय? खेळात रंगला की फक्त तुझ्या हाकेला उठायचा.

तू ये. ड्रायव्हर थांबेल, कितीही वेळ लागू दे. दार उघडून त्याला एक हाक मार, नेहमीसारखी. चिडून मारलीस तरी चालेल. आणि घरी घेऊन जा त्याला.

वाट बघतोय.

तुझी दोघं