फ्रिजमधला करडा किडा

४ डिसेंबर
नव्या घरात सामान लागलं. मागे हातभर बाग, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, बैठकीला पश्चिमेची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून डॉक्टरांनी छंद लावून घ्यायला सांगितलं होतं. हिने निवृत्तीची भेट म्हणून कॅमेऱ्याची मॅक्रो लेन्स दिली. मुंगीच्या मिशीवरची लवसुद्धा दिसते. सकाळ मजेत गेली.

६ डिसेंबर
मजा कसली, डोंबल! लेन्स किड्यापासून चार बोटांवर न्यायची, श्वास रोखायचा, तोवर साहेब उडालेले. डोळा फोकसमध्ये आला तर पाय धूसर. शंभरात एक फोटो धड नाही. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला म्हणाला, पहाटे जा, किडे गारठलेले असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. पहाटे उठायला मी काय दूधवाला आहे?

८ डिसेंबर
डोकं चालवलं. किडे डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. वीस मिनिटांत गप्प. भाजीशेजारी डबा बघून हिने घर डोक्यावर घेतलं, मुक्या जिवांना गोठवण्याचा हा कसला छंद म्हणाली. मीही चार शब्द सुनावले. संध्याकाळी कुंडीत एक लांबट करडा किडा सापडला. पुस्तकात कुठेच नाही. बोटांनीच उचलून डब्यात टाकला.

९ डिसेंबर
करडा बाहेर काढून दोन तास झाले तरी हलेना. फोटो मात्र असे आले की बघत राहावं. तेवढ्यात हिने त्याला तळहातावर घेतलं आणि बागेत उन्हात सोडून आली. मला न विचारता! तळपायाची आग मस्तकात गेली.

१० डिसेंबर
ही सकाळी खुर्चीवर बसून राहिली. चहा नाही, काही नाही. ऊन आत आल्यावर उठली, अंग आखडलंय म्हणाली. मी म्हटलं, नाटकं पुरे.

११ डिसेंबर
आज ढग. दिवसभर अबोला. हट्टी म्हणालो, आईच्या वळणावर गेलीस म्हणालो, आणखीही बरंच. हिने पापणी हलवली नाही. मीही जेवायला हाक मारली नाही.

१२ डिसेंबर
सकाळी ही कालच्याच खुर्चीत. हिचा हात धरला. बर्फ. खुर्चीसकट ओढत उन्हात नेली. दोन तासांनी ओठ हलले. म्हणाली, काल सगळं ऐकू येत होतं.
दुपारी डॉक्टर आले, तेव्हा ही उन्हात बसून बोलत होती. थकवा आहे म्हणाले. मी त्यांच्या अंगावर ओरडलो.

१३ डिसेंबर
हीटर, गरम पाणी, रजया — कशाचा उपयोग नाही. ऊनच लागतं. आज शुद्धीवर यायला पाच तास. छातीची धडधड लागेना. पुन्हा गारठली तर —
मेहुणी गाडी घेऊन पाचला येते. मोठ्या दवाखान्यात नेऊ. तोवर उन्हामागे खुर्ची ओढत राहायचं.

दुपारी चार
पश्चिमेची खिडकी. उन्हाचा तुकडा एका खुर्चीपुरता. मी सावलीत, स्टुलावर. किडा मीही बोटांनीच —
ऊन हिच्या मांडीवरून उतरलं. खुर्ची दोन हात सरकवायची, बस. पाय ऐकत नाहीत. हातच काय तो चालतोय, तोही —

ही बघते आहे. हिला वाटतंय, मी रागाने बसलोय. अगं, नाही —

गुडघ्यापर्यंत उतरलं ऊन. डोळे थांबले हिचे. ऊठ, गाढवा. ऊठ की. दोनच हात —