पाच फळं आणि माघ पौर्णिमा

३ जानेवारी १९४३, भूम
संकल्प: यंदा एलियाहू हन्नाबीचा उरूस थाटात करायचा. भूममध्ये आम्हा बेने इस्राएल ज्यूंचं एकच घर, मी आणि बायको मिल्का. म्हणून काय झालं? झाडांचा सण आहे. पाच फळं, गूळखोबऱ्याचा मलिदा आणि संदेष्ट्याच्या नावाने गाणं. गेल्या साली नुसत्या केळ्यांवर भागवलं. यंदा पाचच्या पाच.

६ जानेवारी
सण आमच्या शेवाट महिन्याच्या पुनवेला. तारीख मुंबईच्या कॅलेंडरवरून कळते, ते मेव्हण्याने अजून धाडलं नाही. लढाईमुळे टपालाचे हाल. कचेरीत फसली सन, घरात इंग्रजी तारखा, बाजारात पंचांग, आणि आपलंच तेवढं नाही. पण अडलं नाही. गेल्या साली सण माघ पौर्णिमेला पडला होता. वीरप्पा वाण्याच्या पंचांगात यंदाची माघ पौर्णिमा २० फेब्रुवारीला आहे. काम फत्ते. पंधरा वर्षं निजामाच्या मोजणी खात्यात शेतं मोजतो आहे, मला मोजायला कुणी शिकवू नये.

मिल्का बोटं मोजून म्हणाली, आपल्या नव्या वर्षापासून धरलं तर सण पौषातच येतो. हसलो.

१२ जानेवारी
बार्शीहून माल आला. सहा डाळिंबं, डझनभर संत्री, खजूर. पेंढा घालून ट्रंकेत ठेवला, वर कुलूप. केळी आणि पेरू ऐनवेळी घेईन. मिल्काला कणकण आहे. थंडीची असेल.

१७ जानेवारी
ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा आहे, फळांचा रस द्या. त्यांना आमचा सण काय ठाऊक! उरुसाचं फळ सणाआधी उष्टं करायचं नसतं. पेज देतो आहे. रोज एक संत्रं मात्र मी खाऊन पाहतो. माल टिकतोय का, हे कुणीतरी बघायला हवं.

२१ जानेवारी, सकाळ
काल संध्याकाळी मिल्का खिडकीतून चांद बघत पडली होती. म्हणाली, आजच लागला असेल हो सण, एक डाळिंब फोडा. समजावलं, ही पौषाची पुनव, महिनाभर कळ काढ. तिने वाद घातला नाही. हट्ट सुटला म्हणजे उतार पडतोय. निर्धास्त कचेरीत निघालो.

२९ जानेवारी
ठराव: उद्यापासून रजा घेऊन तिच्याजवळ बसायचं. साहेब दौऱ्यावर आहेत, तेव्हा पुढच्या आठवड्यापासून. संत्री संपली. तपासणी जरा कसून झाली. डाळिंबं शाबूत.

५ फेब्रुवारी
डॉक्टर फार रागावले. माघार घेतली, एका डाळिंबाचा रस काढला. चमच्याने पाजला. तिला गिळवेना, ओठांच्या कडेने सगळा खाली आला. पुसून काढला. पाच उरली. सणाला पुरतील.

११ फेब्रुवारी
मिल्का पहाटे गेली.
इथे आमचं कब्रस्तान नाही. वीरप्पाने लिंगायतांच्या जागेशेजारी जागा मिळवून दिली. तेही पुरतात. कद्दिश, म्हणजे मयतामागची प्रार्थना, म्हणायला आमचे दहा पुरुष लागतात. मी एकट्यानेच म्हटला.

१८ फेब्रुवारी
सुतकाचे सात दिवस काल संपले. आज कॅलेंडर आलं. शेवाटची पुनव: २१ जानेवारी, आदल्या सूर्यास्तापासून.

छापखान्याची चूक म्हणून मेव्हण्याला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. मग उठून वीरप्पाकडे गेलो. तो म्हणाला, गेल्या साली आमचा अधिक महिना आला न्हाय का, जेठात? तुमचा आला नसंल. म्हणून आमचा माघ यंदा म्हैनाभर पुढं गेला.

घरी आलो तर शेजारची गजराबाई भाकरी घेऊन उभी. तिला सांगून टाकलं, सण २१ जानेवारीलाच होऊन गेला. ती खाली बघत म्हणाली, त्या दिशी तुमी कचेरीत गेल्यावर वैनीनं माझ्याकडं बोरं मागितली. डोईवर पदर घेतला, कायतरी म्हणल्या अन् एक खाल्लं. लई गोड हाय म्हणल्या. तुमाला सांगू नगं म्हणल्या, तुमाला वाईट वाटंल.

तापात तिला मी फळाविना ठेवलं. हे माझ्या हाताने लिहितो आहे.

ट्रंक उघडून पाचही डाळिंबं गजराबाईपुढे धरली. तिने घेतली नाहीत.