घंगाळावरची सुमन

शनिवार, संध्याकाळ

आज कल्याणच्या जुन्या बाजारात गेलेले, कोलशेतच्या नव्या फ्लॅटसाठी पितळेचं जुनं घंगाळ घ्यायला. मिळालं, छानच आहे. पण काठावर कोरलंय, ‘सौ. सुमन हिस आत्याकडून’. दुकानदार म्हणाला, “ताई, नाव घासून देऊ?” नको म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, तिथल्या एकेका भांड्यावरचं नाव वाचत सुटले. शेवटी त्याने विचारलं, “कोणाचं नाव शोधताय?” “नक्षी बघतेय,” म्हटलं. खोटं कशाला बोलले मी? आई गेल्यावर तिची नाव घातलेली सगळी भांडी मीच मोडीत घातली, एकदाही न वाचता. आता हॉलमध्ये ही सुमन येऊन बसलीय. आईचं घंगाळ कोणी घेतलं असेल, तर त्या बाईनेही ‘नको’ म्हटलं असेल ना?